भौगोलिक कारणे लिहा

भवानी पेठेत, टिंबर मार्केटमध्ये
पुस्तकांसाठी फडताळ सांगायला गेले होते.
सागाचा भाव ऐकून गप्प झाले.
पांचाळ म्हणाला, बाई, देवदारी घ्या,
चाकणला मशिनं येतात ना, त्यांची खोकी फोडलेली.
स्वस्तात होईल.

देवदारी.
नाव देवाचं, काम हमालाचं.

फळीच्या कडेला डागलेला शिक्का,
एक ओंबी आणि कुठल्याशा देशाची दोन अक्षरं.
पांचाळनं भुसा फुंकला,
खिळ्याच्या टोकानं वलयं मोजायला बसला.
शंभराच्या पुढे त्याची नजर घसरली,
पुन्हा पहिल्यापासून.
माझ्या चार बोटांच्या रुंदीत एकशे बारा.
"आपली सुबाभूळ बघा, चार पावसाळ्यांत मांडीएवढी.
ह्यानं एवढी वर्षं केलं काय?"

थंडी काढली, मी म्हणाले.
आणि मलाच माझा आवाज वर्गातला वाटला.

तीस वर्षं भूगोल शिकवला, महापालिकेच्या शाळेत.
फळ्यावरच्या जगाच्या डोक्याशी
हिरव्या खडूचा आडवा पट्टा : तैगा, सूचिपर्णी अरण्ये.
तास संपला की डस्टरचा एक हात
आणि अलास्कापासून सैबेरियापर्यंत सगळं माझ्या पदरावर.
भौगोलिक कारणे लिहा :
तैगा प्रदेशात लाकूडतोडीचा व्यवसाय चालतो.
उत्तर : कारण तेथील लाकूड मऊ असते.
मऊ असते, एवढं आलं तरी मी दोन गुण देत असे.

पुस्तकात नव्हतं म्हणून सांगितलं नाही
की तिथं पाचोळा कुजायलाही सवड घेतो,
हजारो वर्षांची पानगळ
ओल्या, काळ्या, गोठलेल्या जमिनीत श्वास धरून पडलेली,
आणि तो श्वास सुटला
तर आमच्या घोरपडी पेठेतल्या पत्र्यालाही कळेल.
की तिथली काही माणसं
अस्वलाचं नाव जंगलात घेत नाहीत, आजोबा म्हणतात,
जसं माझी आई दिवेलागणीनंतर
सापाला साप म्हणत नसे. लांबडं म्हणायची,
तेही हळू.

ज्याचं नाव घ्यायला माणूस बिचकतो
ते सहसा तोडत नाही.
हे मला फार उशिरा सुचलं.
तोवर नाव ठरलं होतं : मऊ लाकूड.

आठवी ब मधल्या तबस्सुम बागवाननं लिहिलं होतं,
कारण तेथील झाडांना थंडीमुळे पळता येत नाही.
मी ते वर्गात वाचून दाखवलं.
सगळे हसले. मीही.
तिच्या पेपरावर लाल भोपळा काढला,
आणि तो पेपर, तो गठ्ठा, माझ्या तीस वर्षांचे सगळे गठ्ठे
कशाच्या लगद्याचे होते
हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.
प्रश्नपत्रिकेत नव्हतं.

फडताळ आलं डिसेंबरात.
त्याच आठवड्यात गच्चीसमोरच्या उंबरावर
हिरवटसं काहीतरी टिकटिकू लागलं,
तीन पोस्टकार्डांच्या वजनाचं.
वरच्या मजल्यावरचा ओजस दुर्बिणीतून म्हणाला,
पर्णवटवट्या आहे, काकू, उत्तरेच्या जंगलातून येतो दरवर्षी.
दरवर्षी?
मी इथं अठ्ठावीस वर्षं राहते आहे.

आता मे. पारा एक्केचाळीस.
पाखरू गेलंय. ओजस मोबाइलवर
तिकडच्या वणव्यांचा नकाशा दाखवतो,
माझ्या हिरव्या पट्ट्यावर लाल शाईचे ठिपके.
दुपारी फडताळाची एक गाठ पाझरते,
मशिनचं खोकं होऊन, फुटून, रंधा खाऊनही
तिच्यात राळेचा एक थेंब उरलाय.
बोटाला लागला तर साबणानं जात नाही.

तबस्सुम कोंढव्यात असते म्हणे.
आठवीनंतर ती शाळेत दिसली नव्हती.
लग्न ठरलं, असं कुणीतरी सांगितलं होतं
आणि मी हजेरीपटावर रेघ ओढली होती.
भेटली तर गुणांचं नंतर बोलू.
आधी विचारायचंय,
पळता येत नाही म्हणजे काय,
हे तुला त्या वयात
कुणी शिकवलं?